बाळंतपणाची तयारी: बॅग भरण्याच्या आधी आणि कळा सुरू झाल्यानंतर

रात्री अडीच वाजता जीप दारात थांबते. तीन बॅगा उतरतात, त्यात बाळाची सहा टोपडी असतात, आणि तपासणीची फाईल पुण्याला राहिलेली असते. लेबर रूममध्ये काम करायला लागल्यापासून हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय, की बॅगा जितक्या जास्त तितके कागद कमी, असा माझा हिशेब झालाय.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. ३६व्या आठवड्यात शांतपणे बसून घ्यायचे निर्णय ऐन कळांमध्ये घेतले जातात, आणि रात्रीच निघायला हवं असतं तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणून थांबलं जातं. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिलाय. यातले आकडे गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणाचे आहेत. बीपी, शुगर, जुळं, आधीचं सिझर यांपैकी काही असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं धरा.

## टप्पा १: जागा ठरवा (३२व्या आठवड्याच्या आत)

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर जरूर करा. पण तिथल्या डॉक्टरांची आणि तुमची पहिली भेट कळा चालू असताना होऊ नये. निदान दोन तपासण्या तिथे करून घ्या, म्हणजे त्यांच्याकडे तुमची नोंद होईल. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते, त्या दिवशी गेलात तर डॉक्टर भेटण्याची खात्री जास्त.

तिथे गेल्यावर हे विचारा:

- रात्री सिझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात?
- रक्त लागलं तर कुठून आणतात?
- बाळाला काचेत ठेवायची सोय इथेच आहे, की दुसरीकडे न्यावं लागतं?
- लेबर रूममध्ये सोबत एकीला घेतात का?
- एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला कंबरेत नळीतून देतात ते औषध) मिळतं का, आणि ते रात्रीही मिळतं का?
- खाजगी असेल तर नॉर्मलचा खर्च किती, सिझरचा किती, आणि त्यात काय धरलेलं नाही?

‘इथे सिझर जास्त होतात का हो?’ असं विचारायला लोक लाजतात. लाजू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के होतं. सरकारी दवाखान्यांत ते १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के. अवघड केसेस कुठे जातात यावरही हा आकडा ठरतो, त्यामुळे नुसत्या टक्क्यांवरून कुणाला दोषी ठरवू नका. मात्र उत्तर कसं मिळतं ते पाहा. नीट समजावून सांगणारे डॉक्टर एकीकडे, आणि ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणणारे दुसरीकडे.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. जेवण नॉर्मलला ३ दिवस, सिझरला ७ दिवस. न्यायला-आणायला १०२ची गाडी आहे, तातडीच्या वेळी १०८. हे दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आजच घाला.

तपासा: घरापासून दवाखान्यापर्यंत एकदा रात्री जाऊन बघा. कोणतं फाटक उघडं असतं? घाट आहे का? पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जातं का? गाडी चालवणारी दोन माणसं ठरली आहेत का? एक आजारी पडू शकतो, दुसरा लग्नाला गेलेला असू शकतो. तिसरा प्यायलेला असतो, हेही पाहिलंय.

## टप्पा २: कागद आणि रक्त (३६वा आठवडा)

एकच फाईल करा. सगळ्यात वर माता-बाल सुरक्षा कार्ड, मग रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफ्या तारखेच्या क्रमाने. आधारकार्ड, बँक पासबुकाची प्रत. प्रत्येकाचा फोटो दोन फोनमध्ये.

नावाची भानगड. आधारवर माहेरचं नाव, फाईलवर सासरचं, पासबुकावर तिसरंच. जननी सुरक्षा योजनेचे, म्हणजे बाळंतपणासाठी सरकारकडून मिळणारे, पैसे इथेच अडकतात आणि पुढे बाळाच्या दाखल्यावर आईचं नाव चुकतं. आधारवर जे नाव आहे तेच दवाखान्यात सांगा, अगदी अक्षरासकट. घरात ‘सोनल’ म्हणत असतील आणि कागदावर ‘स्वर्णलता’ असेल, तर नोंदणीच्या खिडकीवर स्वर्णलताच.

हिमोग्लोबिन. ११च्या खाली म्हणजे रक्त कमी. आता नुसतं बीट आणि खजूर पुरणार नाहीत, आकडा किती आहे त्याप्रमाणे गोळ्या किंवा शिरेतून लोह द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाईलवर लाल अक्षरात लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. दवाखान्याकडे ते असतं का, आधी विचारा.

बाळाची स्थिती. डोकं खाली आहे ना, वार गर्भपिशवीच्या तोंडावर नाही ना, हे याच सुमाराला पक्कं करा. बाळ पायाळू असेल तर काही ठिकाणी ३७व्या आठवड्याच्या सुमाराला बाहेरून हाताने बाळ फिरवून बघतात. ते सोनोग्राफी आणि ऑपरेशन थिएटर जवळ असलेल्या ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टरच करतात. गावातल्या जाणत्या बाईकडून पोट चोळून घेऊ नका.

आधी सिझर झालं असेल तर यावेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही, हे आता ठरवा. प्रयत्न करायचाच असेल तर चोवीस तास थिएटर चालू असलेलं ठिकाणच हवं. आधीच्या ऑपरेशनचा कागद शोधून ठेवा, टाका कसा होता ते त्यावरूनच कळतं.

आणि बांगड्या. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा फार सुंदर दिसतो, पण सलाईन लावताना तो फुटतो. मळसूत्री फिरकीची चमकी रात्री दोनला निघत नाही. नखांवर रंग असेल तर बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा नीट दिसत नाही. हे सगळं आधीच उतरवायला आजीची हरकत असेल, तर तिच्याशी हा विषय ३६व्या आठवड्यातच काढा. लेबर रूमच्या दारात काढलेला भांडणावर जातो.

## टप्पा ३: बॅग (३७व्या आठवड्यापर्यंत)

हे सगळ्यांना येतं, म्हणून थोडक्यात. आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, चपला, केसांना रबर, पाण्याची बाटली, खजूर किंवा बिस्किटं. बाळासाठी धुतलेली सुती झबली, टोपडं, मोजे, लंगोट, मऊ दुपटी. नवे कपडे धुतल्याशिवाय घालू नका. फोनचा चार्जर. एकच बॅग, आणि फाईल तिच्या बाहेरच्या कप्प्यात.

बॅगेत नको असलेल्या गोष्टी: मध, गुटी, दुधाची बाटली, काजळ.

## टप्पा ४: घरी कळा सुरू झाल्यावर

दिलेली तारीख ही अंदाजाची असते. त्याच दिवशी जन्माला येणारी बाळं फार थोडी. ३७ पूर्ण ते ४१ आठवड्यांत कधीही दिवस भरू शकतात, त्यामुळे तारीख उलटली की घरात जो धसका पसरतो त्याला अर्थ नाही. तारखेनंतर मात्र तपासणी चुकवू नका.

खोट्या कळा अनियमित येतात, चालल्यावर किंवा कुशीवर पडून पाणी प्यायल्यावर विरतात. खऱ्या कळा बऱ्याचदा कंबरेतून सुरू होऊन पोटाकडे येतात, जवळजवळ येत जातात, जास्त वेळ टिकतात आणि कळ चालू असताना वाक्य पूर्ण करता येत नाही.

इथे हमखास चुकतं: अंतर मोजताना लोक एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजतात. बरोबर मोजणी अशी: एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. कागदावर लिहा, ‘येतायत थोड्या थोड्या वेळाने’ याचा आम्हाला उपयोग होत नाही.

पहिलटकरणीने कळा ५ मिनिटांच्या अंतराने, प्रत्येक सुमारे १ मिनिट टिकणाऱ्या, आणि हे तासभर चाललं की निघावं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला १० मिनिटांचं अंतर झालं तरी निघा, कारण तिथे वेग अचानक वाढतो. दवाखाना तासाभराहून लांब असेल तर यापेक्षा आधी. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय असते, तिथे दिवस भरायच्या आधीच जाऊन राहता येतं. आशाताईला विचारा.

तोवर घरी काय करायचं? चाला, हलकं खा, दर दोन तासांनी लघवी करा, झोप येत असेल तर झोपा. पहिल्या खेपेला ही सुरुवातीची अवस्था दिवसभरही चालते. सगळी ताकद इथेच घालवलेली बाई पुढे जोर लावायच्या वेळी रिकामी असते. एरंडेल पिऊ नका. गरम दुधात तूप घेतल्याने वाट मोकळी होत नाही, नुसती उलटी होते.

अंगावरून चिकट, लालसर स्राव गेला म्हणजे पिशवीचं तोंड उघडायला लागलंय, पण एवढ्यावरून धावायची गरज नाही. खालील गोष्टींना मात्र कळांची वाट पाहू नका.

लगेच निघा:

- पाणी गेलं, कळा असोत वा नसोत. पॅड लावा, वेळ आणि रंग लिहा. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, फोन करूनच निघा.
- पाळीसारखा किंवा त्याहून जास्त ताजा लाल रक्तस्राव.
- बाळाची हालचाल कमी वाटते. काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. २ तासांत १० हालचाली झाल्या नाहीत तर निघा. हालचाल अगदीच थांबली वाटत असेल तर मोजत बसू नका.
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहऱ्यावर सूज. हे बीपी चढल्याचं असू शकतं आणि त्यातून झटके येतात.
- ताप, किंवा पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल न होणं.
- ३७ आठवड्यांच्या आत कळा.

थांबा, वाचा: पाणी गेल्यावर नाळ बाहेर लोंबताना दिसली तर ती आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून गाडी येईपर्यंत ओणवं राहा, गाडीत कमरेखाली उशी घेऊन डाव्या कुशीवर पडा, १०८ला ‘नाळ बाहेर आलीय’ असंच सांगा.

आणखी एक: घरी किंवा वाटेतल्या छोट्या दवाखान्यात ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ कुणी टोचत असेल तर हात धरा. सलाईनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं औषध ते. एकदम टोचलं तर पिशवी फाटू शकते.

गाडीत डाव्या कुशीवर. मोटरसायकल नको.

## टप्पा ५: दाखल झाल्यावर

बीपी, नाडी, बाळाचे ठोके आणि आतून तपासणी होईल. पिशवीचं तोंड २-३ सेंटिमीटर उघडलंय असं कळलं की नातेवाईक पेढ्यांची चौकशी करतात. खऱ्या जोराच्या कळा साधारण ५ सेंटिमीटरनंतर धरतात, आणि तिथून पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. ‘तासाला एक सेंटिमीटर’ हा नियम सगळ्यांना लागू पडत नाही.

सगळं ठीक असेल तर आतून तपासणी साधारण ४ तासांनी पुरते. दर अर्ध्या तासाने ‘किती उघडलं हो?’ विचारून जास्त तपासण्या करायला लावू नका, त्यातून जंतू आत जातात. एनिमा आणि केस काढणं सरसकट गरजेचं नाही, नको असेल तर सांगा. चालू शकता, बसू शकता, कुशीवर होऊ शकता. उताणं पडून राहू नका.

सोबतीला एकच बाई, आणि ती रडणारी नको. तिची कामं: कंबर दाबणं, घोट घोट पाणी देणं, लघवीची आठवण करणं, आणि तुमच्या वतीने प्रश्न विचारणं. बाहेरच्यांना फोन करायचं काम बाहेरच्यांनी करावं.

## टप्पा ६: कळा आणणं, वाढवणं, दुखणं कमी करणं

कोणताही उपचार सुचवला की सोबतिणीने चार गोष्टी विचारायच्या: हे कशासाठी? थोडं थांबलो तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का? किती घाई आहे? घाईच्या प्रश्नाला ‘मिनिटांची’ असं उत्तर आलं तर बाकीचे प्रश्न नंतर विचारा. तसं नसेल तर पाच मिनिटं बोलायला कुणाची हरकत नसावी.

कळा आणणं. तारीख बरीच उलटली, पाणी जाऊन कळा आल्या नाहीत, बीपी वाढलं, बाळाची वाढ खुंटली, अशी कारणं असतात. पिशवीचं तोंड मऊ नसेल तर आधी जेल, छोटी गोळी किंवा फुग्याची नळी, तोंड तयार झालं की सलाईनमधून औषध. पहिल्या खेपेला याला दीड-दोन दिवसही लागतात, हे आधी माहीत नसतं म्हणून पहिल्याच संध्याकाळी ‘काही होत नाही, सिझर करा’ असं घरचेच म्हणायला लागतात. ‘शनिवारी डॉक्टर बाहेरगावी आहेत’ किंवा ‘पंचांगात दिवस चांगला आहे’ ही वैद्यकीय कारणं नव्हेत.

कळा वाढवणं. सलाईनमधलं औषध चालू असेल तर बाळाचे ठोके सतत किंवा वारंवार ऐकले गेले पाहिजेत. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा येत असतील तर लगेच सिस्टरला सांगा, थेंब कमी करावे लागतात. नातेवाइकांनी सलाईनच्या चाकाला हात लावू नये. लावतात म्हणून लिहिलं.

एपिड्युरल. कंबरेत बारीक नळी घालून औषध देतात. दुखणं खूप कमी होतं, जागं राहता येतं. बीपी खाली येऊ शकतं, लघवीसाठी नळी लागू शकते, जोर लावायचा काळ लांबू शकतो. त्याने सिझरची शक्यता वाढत नाही आणि जन्मभराची कंबरदुखीही लागत नाही. हवं असेल तर ३६व्या आठवड्यातच सांगून ठेवा, कारण भूलतज्ज्ञ हजर नसेल तर ऐनवेळी मिळत नाही. सहन होत नाही म्हणून मागितलं तर त्यात कमीपणा कसला? दात काढताना भूल घेतोच की.

## टप्पा ७: जोर लावताना

पिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडल्याशिवाय जोर लावू नका. आधीच लावला तर पिशवीच्या तोंडाला सूज येते आणि काम लांबतं. त्या वेळी तोंडाने फू-फू करत श्वास सोडा. पूर्ण उघडल्यावर कळ येईल तेव्हा, आतून लावावासा वाटेल तसा जोर खाली द्या. घशातून ओरडण्यात तो वाया जातो. पहिल्या खेपेला यात ३ तासांपर्यंत, पुढच्या खेपांना २ तासांपर्यंत जाऊ शकतात. डोकं बाहेर येताना ‘थांब’ म्हटलं की खरंच थांबा आणि धापा टाका, त्याने फाटणं कमी होतं.

वरून पोट दाबू देऊ नका. त्याने आईला आणि बाळाला दोघांना इजा होऊ शकते.

खालचा छेद (बाळाची वाट मोठी करायला देतात तो) प्रत्येकीला देण्याची गरज नसते, पहिलटकरणीलाही नाही. बाळाला घाईने काढायचं असेल किंवा चिमटा लावायचा असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. आधी जागा बधिर करायलाच हवी आणि टाके घालतानाही. बाळ खाली आलंय पण ठोके उतरतायत किंवा आई थकलीय, अशा वेळी व्हॅक्युम किंवा चिमटा लावतात. त्याने बाळाच्या डोक्यावर आलेला फुगवटा साधारणपणे एक-दोन दिवसांत उतरतो, तो मालिश करून ‘गोल’ करायला जाऊ नका.

## टप्पा ८: सिझर ठरलं तर

आधीच ठरलेलं असेल तर ६ तास आधी खाणं बंद आणि २ तास आधी पाणी, दवाखाना वेगळं सांगेल तर तसं. ‘एक घोट चहाच तर प्यायली’ हे लपवू नका. भूल देणाऱ्याला ते कळणं फार महत्त्वाचं आहे.

सही तुमची. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवरा येईपर्यंत तातडीचं ऑपरेशन अडवून ठेवायचं कारण नाही. सहीआधी कागदावर आणखी काही, जसं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन किंवा तांबी, लिहिलंय का ते वाचा. ते हवं असेल तर आधीच ठरवलेलं बरं.

क्रम असा: लघवीची नळी, पाठीत इंजेक्शन (वाकून बसा, हलू नका), कमरेखालचं बधिर. ओढल्यासारखं कळतं, दुखत नाही. बाळ काही मिनिटांतच बाहेर येतं, जास्त वेळ टाके घालण्यात जातो. सांगतील तेव्हा उठून चालायला लागा. ‘पोट कापलंय, हलू नको’ हा सल्ला चुकीचा, न हलल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

## टप्पा ९: पहिला तास

बाळ ठीक असेल तर पुसून थेट आईच्या छातीवर. नाळ निदान १ मिनिट थांबून कापली तर बाळाला जास्त रक्त मिळतं. आईला लगेच एक इंजेक्शन देतात, त्याने पिशवी आकसते आणि रक्तस्राव कमी होतो. वार पूर्ण आली का, हे सिस्टर पाहते. ती ओढण्याची घाई कुणी करू नये.

पहिल्या तासात अंगावर पाजा, सिझर असलं तरी. पहिलं घट्ट पिवळं दूध पिळून टाकू नका. मध चाटवू नका, गूळपाणी नको, आत्याने सोन्याची अंगठी चाटवायचीही नाही. आंघोळ २४ तासांनंतर.

तपासा: एक मोठा पॅड तासाभराच्या आत पूर्ण भिजला, गाठी पडल्या, चक्कर आली किंवा अंग गार पडलं तर ओरडून बोलवा. ‘बाळंतपणात जातंच’ असं म्हणून कुणी पांघरूण घालेल, तर तिला बाजूला करा. ६ तासांत लघवी झाली नाही तर तेही सांगा.

## टप्पा १०: घरी जाण्याआधी

नॉर्मल असलं तरी निदान २४ तास, शक्यतो ४८ तास थांबा. बाळाला व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि जन्मल्यापासून २४ तासांच्या आत काविळीची लस, हे सगळं कार्डावर लिहिलंय का पाहा. निगेटिव्ह रक्तगटवालीने अँटी-डीची नोंद शोधावी.

जन्माची नोंद २१ दिवसांत, आणि ती बाळ जिथे जन्मलं तिथल्या नगरपालिकेत, महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. राहता पुण्यात आणि बाळंतपण माहेरी सांगलीला झालं, तर दाखला सांगलीतच मिळेल. पुण्यात खिडक्या पालथ्या घालू नका. दवाखान्याने पाठवायच्या अर्जावर आई-बापाची नावं स्वतः वाचून मगच सही करा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना मोकळा ठेवा, बारशानंतर घालता येतं. घाईत ‘बेबी ऑफ’ लिहून घेतलंत तर पुढे ते बदलायला पुन्हा अर्ज आणि फेऱ्या आल्याच.